लाइटरूम आणि फोटोशॉप फारच हळू चालतात, नवा पीसी घ्यावा का?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे हाच त्रास असलेल्या इतरांनाही हे उत्तर आपल्याला लागू आहे का ते कळेल. कळव्यात स्टुडिओ, मुख्य काम लग्नाचं. एका लग्नाचे दोन-अडीच हजार रॉ (कॅमेऱ्यातले कच्चे) फोटो, कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. असेंबल केलेला पीसी: इंटेल आय५-१०४००, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एनव्हीएमई एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, फुल एचडी मॉनिटर. लाइटरूम क्लासिकमध्ये पुढच्या फोटोवर गेलं की चार-पाच सेकंद ‘लोडिंग’, ब्रश अडखळतो, एक्स्पोर्ट रात्रभर चालतो आणि अल्बमच्या पानावर फोटोशॉप गोठतं. दुकानदाराचं म्हणणं, नवी मशीन घ्या.

आत्ता घेऊ नका. सहा कोरचा हा प्रोसेसर २४ मेगापिक्सेलच्या फोटोंना पुरेसा आहे. तुमचं घोडं रॅमवर आणि प्रिव्ह्यूवर (फोटो पटकन दिसावा म्हणून लाइटरूम बनवतं ती हलकी प्रत) अडलंय. प्रिव्ह्यूचं काम फुकटात होतं, रॅमचं थोडक्या खर्चात.

आधी खात्री करून घ्या. लाइटरूम आणि फोटोशॉप दोन्ही उघडा, नेहमी चालू असतं ते क्रोम आणि व्हॉट्सॲपही चालू ठेवा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक केलं की खाली ‘कमिटेड’ म्हणून दोन आकडे दिसतात. त्यातला पहिला आकडा तुमच्या ८ जीबीच्या बराच वर, म्हणजे बारा-चौदाच्या घरात असेल, तर विंडोज रॅममधला माल सतत एसएसडीवर टाकतंय आणि परत उचलतंय. तिथेच डिस्कचा ‘ॲक्टिव्ह टाइम’ शंभर टक्क्यांना चिकटलेला आणि प्रोसेसर मात्र वीस-तीस टक्क्यांवर निवांत दिसला, तर प्रोसेसर बदलून काहीही फरक पडणार नाही. त्याच मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. तिथे दोनपैकी एक लिहिलं असेल तर नशीब चांगलं, दुसरा स्लॉट मोकळा आहे.

आहे त्याच वेगाची आणखी एक ८ जीबीची स्टिक टाकली की १६ जीबी होतात आणि रॅम ड्युअल चॅनेलवर चालते, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी कामाला लागतात. फक्त लाइटरूम वापरणाऱ्याला एवढं पुरतं. तुम्ही अल्बमची पानंही स्वतः लावता, म्हणजे दोन्ही सॉफ्टवेअर एका वेळी उघडी असतात. त्यामुळे परवडत असेल तर जुनी स्टिक काढून १६-१६ च्या दोन, म्हणजे ३२ जीबी कराव्यात असं मी सांगेन. तुमचा प्रोसेसर डीडीआर४ रॅम २६६६ च्या वेगापर्यंतच चालवतो. ३२०० ची घेतली तर ती खालच्या वेगाने मुकाट चालेल, पण त्याहून वरच्या वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. आणि चुकून डीडीआर५ आणू नका, ती तुमच्या बोर्डच्या खाचेत बसतच नाही. ठाण्यात किंवा वाशीला सेक्टर १७ मध्ये ही रॅम सहज मिळते, एवढ्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची खेप घालायची गरज नाही. बिल आणि वॉरंटी मात्र हातात घ्या.

बसवताना प्लग काढा, पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, मग रॅमला. खाच जुळली की दोन्ही टोकांना सारखा दाब द्यायचा, क्लिप स्वतःहून ‘टक्’ करून बसते. खाडीकाठच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर धरतो. जुनी स्टिक काढलीच आहे तर पांढऱ्या खोडरबराने त्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासा आणि रबराचा चुरा ब्रशने झाडून मगच परत लावा. रॅम टाकल्यावर पीसी चालूच झाला नाही, नुसता बीप देत राहिला, तर बहुतेक वेळा स्टिक पूर्ण बसलेली नसते. रॅम खराब आली म्हणून लगेच परत धावू नका.

आता मॉनिटरची केबल. हसण्यावारी नेऊ नका, कारण ही चूक स्टुडिओंमध्ये नेहमी सापडते. तुमच्या १०४०० मध्ये प्रोसेसरचे स्वतःचे ग्राफिक्स आहेत, त्यामुळे एचडीएमआयची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली तरी चित्र दिसतं आणि कुणाला शंका येत नाही. पण मग कार्ड नीट कामाला लागतच नाही. केबल कॅबिनेटच्या मागे खालच्या बाजूला, आडव्या बसवलेल्या कार्डच्या पोर्टला हवी. नंतर एनव्हिडियाच्या साइटवरून गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर टाका आणि लाइटरूममध्ये एडिट मेनूतून प्रेफरन्सेस, त्यात परफॉर्मन्स टॅब उघडून ग्राफिक्स प्रोसेसर ‘ऑटो’वर आहे का बघा. कधी कधी एकदा क्रॅश झाल्यावर लाइटरूम तो बंद करून टाकतं.

त्याच टॅबमध्ये कॅमेरा रॉ कॅश आहे. मुळात तो ५ जीबीचा असतो, अडीच हजार रॉ फोटोंना अगदीच तोकडा. तो भरला की जुना माल फेकून नवा भरला जातो, आणि तुम्ही मागच्या फोटोवर परत आलात की सगळी आकडेमोड पहिल्यापासून. तो ३० जीबी करा आणि जागा एसएसडीवरच द्या.

आता पुढच्या फोटोवर जाताना येणारं ‘लोडिंग’. हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डेव्हलप मोड्यूलमध्ये फोटो उघडला की लाइटरूम रॉ फाइल वाचतं, तिच्यातून रंग उभे करतं, त्यावर तुमचे सगळे स्लायडर, लेन्सची दुरुस्ती, नॉइज रिडक्शन आणि मास्क (फोटोच्या ठरावीक भागापुरते बदल) क्रमाने चढवतं. हे दर फोटोला होतं. हार्ड डिस्कवरून २५-३० एमबीची फाइल वाचायला पाव-अर्धा सेकंद पुरतो, उरलेला वेळ या आकडेमोडीचा असतो. म्हणून फोटो एसएसडीवर हलवले तरी ‘लोडिंग’ अपेक्षेइतकं कमी होत नाही आणि लोक चक्रावतात. शिवाय लायब्ररीत बनवलेले वन-टू-वन प्रिव्ह्यू डेव्हलपमध्ये उपयोगी पडत नाहीत. ते लायब्ररीत झूम करून बघण्यासाठी असतात.

यातून कामाची पद्धत अशी निघते. सिलेक्शन कधीही डेव्हलपमध्ये करू नका. इम्पोर्टच्या खिडकीत उजवीकडे फाइल हँडलिंगमध्ये बिल्ड प्रिव्ह्यूजसाठी ‘एम्बेडेड अँड साइडकार’ निवडा, म्हणजे कॅमेऱ्याने रॉच्या पोटात ठेवलेला तयार जेपेग लाइटरूम उचलतं आणि फोटो झरझर पुढे जातात. लायब्ररीत एक फोटो मोठा करा, कॅप्स लॉक चालू ठेवा आणि पी किंवा एक्स दाबत जा. निवडला किंवा टाकला की पुढचा फोटो आपोआप येतो. अडीच हजारांतून आठशे-हजार निवडले गेले की फक्त तेवढे सिलेक्ट करून लायब्ररी मेनूतल्या प्रिव्ह्यूजमधून ‘बिल्ड स्मार्ट प्रिव्ह्यूज’ चालवा आणि जेवायला जा. स्मार्ट प्रिव्ह्यू म्हणजे लांब बाजू २५६० पिक्सेल असलेली हलकी डीएनजी, एका फोटोला साधारण एक एमबी. मग परफॉर्मन्स टॅबमध्ये एडिटिंगसाठी मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यू वापरण्याचा चौकोन टिक करा. २४ मेगापिक्सेलऐवजी चारेक मेगापिक्सेलवर आकडेमोड होते, त्यामुळे स्लायडर आणि ब्रश लगेच हलके होतात.

याला दोन पथ्यं आहेत. शार्पनिंग आणि नॉइज स्मार्ट प्रिव्ह्यूवर ठरवू नका, त्यासाठी तो चौकोन काढून मूळ फोटो शंभर टक्क्यांवर बघा. आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फोटोंची डिस्क जोडलेलीच हवी. ती नसेल तर लाइटरूम स्मार्ट प्रिव्ह्यूवरून फोटो काढून देतं, आणि २५६० पिक्सेलचे फोटो अल्बमच्या पूर्ण पानावर फाटतात. एक्स्टर्नल डिस्क काढून ठेवायची सवय असेल तर हे नक्की लक्षात ठेवा.

ब्रशचं ओझं आणखी कमी करायचं तर लेन्स प्रोफाइल आणि नॉइज रिडक्शन शेवटी सगळ्या फोटोंना एकत्र सिंक करा. सब्जेक्ट किंवा बॅकग्राउंडचे एआय मास्क एका फोटोवरून पाचशेवर सिंक केले की लाइटरूम प्रत्येक फोटोत माणूस नव्याने शोधतं, तिथे मशीन बसणारच. ते मुहूर्त, वरमाला आणि जोडप्याचे पोर्ट्रेट एवढ्यापुरते ठेवा. एआय डीनॉइजचंही तसंच. जीटीएक्स १६०० मालिकेतल्या कार्डांत टेन्सर कोर (एआयची आकडेमोड वेगाने करणारे भाग) नाहीत, त्यामुळे एका फोटोला काही मिनिटंही लागू शकतात. अंधाऱ्या हॉलमधल्या संगीताच्या दोनशे फोटोंना ते लावलं तर रात्र गेलीच. अल्बममध्ये मोठे लागणारे दहा-पंधरा फोटो त्याने करा, बाकीच्यांना साधा ल्युमिनन्स स्लायडर भागतो.

कॅटलॉगची फाइल, म्हणजे एलआरकॅट, आणि तिच्या शेजारचं प्रिव्ह्यूचं फोल्डर एसएसडीवर हवं, आणि ते वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हने सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये अजिबात नको. कॅटलॉग हा तुमच्या फोटोंच्या आणि एडिटिंगच्या नोंदींचा डेटाबेस आहे. त्यात सारखी लिहिणी चालू असताना दुसरं कुणी ती फाइल उचलायला गेलं की वेग जातो आणि कधी फाइलही बिघडते. २५६ जीबीची एसएसडी लवकर भरते. सी ड्राइव्हवर निदान ४० जीबी मोकळे नसतील तर आधी जागा करा. जुन्या लग्नांच्या प्रिव्ह्यूने खूप जागा खाल्लेली असते. लाइटरूम बंद करून कॅटलॉगशेजारचं ‘प्रिव्ह्यूज डॉट एलआरडेटा’ उडवलं तरी चालतं, ते पुन्हा बनतं. पण ‘एलआरकॅट-डेटा’ नावाची फाइल नावसाधर्म्यामुळे उडवू नका, तिच्यात तुमच्या मास्कचा डेटा असतो. बॅकअप्स फोल्डरमधल्या जुन्या झिप फाइलींपैकी शेवटच्या चार-पाच ठेवून बाकीच्या काढा, आणि फाइल मेनूतून महिन्यातून एकदा ‘ऑप्टिमाइझ कॅटलॉग’ करा. कॅटलॉग सेटिंग्जच्या मेटाडेटा टॅबमध्ये एक्सएमपी (फोटोसोबत ठेवलेली एडिटिंगची नोंद) आपोआप लिहिण्याचा चौकोन बंद केला की प्रत्येक स्लायडरमागे हार्ड डिस्कवर होणारी लिहापुशी थांबते. पण मग तुमची सगळी एडिटिंग फक्त कॅटलॉगमध्ये राहते. तेव्हा कॅटलॉगचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यायलाच हवा.

विंडोजच्या अँटिव्हायरसमध्ये एक्स्क्लुजन्समध्ये कॅटलॉगचं आणि कॅशचं फोल्डर घाला. कॅमेऱ्याचं कार्ड, पेनड्राइव्ह आणि डाउनलोड्स कधीही घालू नका. पाहुण्यांच्या आणि लॅबच्या पेनड्राइव्हमधून स्टुडिओत काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहेच. दुकानदाराने टाकून दिलेलं क्रॅक सॉफ्टवेअर असेल तर ते काढा. क्रॅकसोबत तुमच्या ग्राफिक्स कार्डवर गुपचूप क्रिप्टो माइन करणारे प्रोग्राम येऊ शकतात. तुम्ही काहीच करत नसताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू किंवा सीपीयू तापलेला दिसला तर आधी हाच संशय घ्या.

एक्स्पोर्ट रात्रभर चालतो त्याचं एक कारण रॅम आहेच, दुसरं तुमच्या सेटिंगमध्ये असू शकतं. ‘लिमिट फाइल साइझ’ टिक असेल तर काढा. ठरलेल्या केबीत फोटो बसवण्यासाठी लाइटरूमला एकच फोटो वेगवेगळ्या क्वालिटीत पुन्हा पुन्हा दाबून बघावा लागतो. त्याऐवजी क्वालिटी ८० ते ८५ आणि लांब बाजूचे पिक्सेल ठरवून द्या. थेट पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट करू नका, एसएसडीवर काढून मग कॉपी करा. आणि कार्ड रीडर निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावा. यूएसबी २ वर सेकंदाला ३५-४० एमबीच जातात, म्हणजे भरलेलं ६४ जीबीचं कार्ड उतरवायला जवळजवळ अर्धा तास. ९० एमबीने वाचणारं तेच कार्ड यूएसबी ३ वर बारा मिनिटांत रिकामं होतं.

एक्स्पोर्ट चालू असतानाच आणखी एक तपासणी करून टाका. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘स्पीड’ बघा. १०४०० चा मूळ वेग २.९ गिगाहर्ट्‌झ आहे आणि टर्बोत तो ४.३ पर्यंत जातो. दहा मिनिटांनी तो २.९ च्याही खाली घसरला असेल तर प्रोसेसर गरम होऊन स्वतःला आवरतोय. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून तापमान बघा. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सियस आहे, एक्स्पोर्टमध्ये ८० च्या आत राहायला हवं. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, एसी नसलेल्या गाळ्यात, रस्त्याच्या धुळीने भरलेल्या पंख्याने ते साधत नाही. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा, मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. तरी तापमान उतरलं नाही तर कूलर काढून वाळलेली थर्मल पेस्ट पुसा आणि नवीन लावा, मटारच्या दाण्याहून कमीच. इंटेलच्या मूळ कूलरच्या चार पिनांपैकी एक जरी अर्धवट बसली तरी तापमान उलट वाढतं. चारही पिना बोर्डच्या मागून डोकावताना दिसल्या पाहिजेत.

आता फोटोशॉप. बारा बाय छत्तीस इंचाचं पान ३०० डीपीआयवर म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल, जवळजवळ ३९ मेगापिक्सेल. आठ बिटमध्ये नुसतं सपाट पान ११७ एमबी, सोळा बिटमध्ये दुप्पट. त्यावर तयार पीएसडी टेम्प्लेटचे वीस-तीस लेअर आणि वर तुमचे पंधरा फोटो. तेव्हा अल्बमची पानं आठ बिटमध्येच लावा, सोळा बिटची गरज रंग ओढताना असते आणि ते काम लाइटरूममध्ये झालेलं आहे. फोटो पूर्ण २४ मेगापिक्सेलचे स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून टाकू नका. प्रत्येक स्मार्ट ऑब्जेक्ट आपली अख्खी मूळ फाइल पानात घेऊन बसतो. पानावर आठ इंच दिसणाऱ्या फोटोला २४०० पिक्सेल लागतात, म्हणून लांब बाजू ३००० पिक्सेल ठेवून काढलेले जेपेग पुरे. पूर्ण पानभर जाणारे चार-दोन फोटो तेवढे मोठे काढा.

प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सला हिस्टरी स्टेट्स ५० असतात, ते २० करा. ब्रशच्या एका फटक्याला फार मेमरी लागत नाही, पण अख्ख्या पानावर फिल्टर मारला की जवळजवळ पूर्ण पानाची नोंद ठेवली जाते. असे पन्नास टप्पे झाले तर पावणेसहा जीबी नुसत्या ‘अनडू’साठी गेले. मेमरी यूसेज ७० टक्के असतं, लाइटरूमही उघडं असेल तर ते ६० वर आणा. इथे ९० करून लोक स्वतःचं नुकसान करतात, कारण मग विंडोजलाच रॅम उरत नाही. स्क्रॅच डिस्क (रॅम अपुरी पडली की फोटोशॉप तात्पुरता माल ठेवतं ती डिस्क) एसएसडीवर ठेवा, हार्ड डिस्कवरची टिक काढा. कॅश लेव्हल्स सहसा ४ वर असतात, तेवढ्या ठीक आहेत. पीएसडी सेव्ह व्हायला फार वेळ लागत असेल तर फाइल हँडलिंगमध्ये पीएसडी कॉम्प्रेशन बंद करण्याचा पर्याय आहे. फाइल मोठी होते, पण सेव्ह पटकन होतं.

या सगळ्याचा परिणाम मोजायचा असेल तर फोटोशॉपच्या खिडकीच्या तळाशी, डावीकडे दिसणाऱ्या माहितीवरचा बाण दाबून ‘एफिशियन्सी’ निवडा. काम करताना तिथे १०० टक्के राहिले तर सगळं रॅममध्ये चाललंय. ९० च्या खाली जात असेल तर फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर जगतंय. त्या पानापुरतं एडिट मेनूतून ‘पर्ज, ऑल’ करा, पण त्याने हिस्टरी जाते हे ध्यानात ठेवून, आधी सेव्ह करून.

एवढं करून पैसे उरले तर १ टीबीची सॅटा एसएसडी घ्या. तिच्यावर चालू लग्नाचे फोटो, कॅश आणि स्क्रॅच ठेवा, हार्ड डिस्क फक्त संपलेल्या कामांसाठी. सॅटाचा सेकंदाला ५५० एमबीचा वेग या कामाला भरपूर आहे, महागड्या जेन ४ एनव्हीएमई एसएसडीच्या मागे लागू नका, तुमचा बोर्ड तो वेग देणारही नाही. त्याआधी यूपीएस नसेल तर तो. पावसाळ्यात काम चालू असताना वीज गेली की कॅटलॉग बिघडण्याचा धोका असतो, आणि अशा वेळी दहा मिनिटांचा बॅकअपही सगळं सेव्ह करून मशीन बंद करायला पुरतो.

ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी, तेही डीनॉइज आणि एआय मास्क रोज लागत असतील तरच. तेव्हा निदान ८ जीबीचं आरटीएक्स बघा. पण घेण्याआधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. तुमचं १६५० साधारण ७५ वॉटवर चालतं, आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात आणि एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॉटचा सप्लाय सांगते. असेंबल केलेल्या स्वस्त पीसीत बरेचदा बिननावाचा सप्लाय असतो. त्यावर छापलेल्या वॉटवर विश्वास ठेवून नवं कार्ड लावू नका. आठ पिनांची वेगळी वायर आहे का आणि कार्ड आत लांबीला बसतंय का, हे मोजून मगच दुकानात जा.